जपानमधील जुन्या काँक्रीट शालेय इमारतींचे भूकंपरोधक बळकटीकरण (इ. स. १९६८ ते २०१५) : एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

भूकंप ही नैसर्गिक घटना असली तरी भूकंपात होणारी प्राणहानी बहुतांशी माणसाने बांधलेल्या वास्तू कोसळल्यामुळे होते. म्हणूनच भूकंपाच्या इतिहासाचा अभ्यास हा एका अर्थाने बांधकामाच्या आणि बांधकामविषयक कायद्यांच्या इतिहासाचा अभ्यास ठरतो. विसाव्या शतकात जगभर प्रबलित काँक्रीटच्या, म्हणजे पोलादी सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्या, इमारती मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. दगडविटांच्या तुलनेत हे बांधकाम मजबूत आणि आगीपासून सुरक्षित मानले गेले. तथापि शतकाच्या उत्तरार्धातील अनेक भूकंपांनी हा समज अपुरा असल्याचे दाखवून दिले. काँक्रीटची इमारत मजबूत आहे की नाही हे केवळ काँक्रीटवर अवलंबून नसून आतील सळयांच्या मांडणीवर, खांबांच्या आकारावर आणि भिंतींच्या जागेवरही अवलंबून असते, हे ज्ञान हळूहळू प्राप्त झाले.

ज्ञान वाढले की नियम बदलतात. परंतु नवा नियम नव्या इमारतीला लागू होतो. जुन्या नियमानुसार रीतसर परवानगी घेऊन बांधलेली आणि आजही वापरात असलेली इमारत जागच्या जागी उभी असते. तिचे काय करावयाचे, हा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे, तितकाच कायद्याचा, अर्थकारणाचा आणि लोकशाही प्रशासनाचा आहे. जपानने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा, विशेषतः सार्वजनिक शाळांच्या संदर्भात, प्रस्तुत निबंधात मागोवा घेतला आहे.

२. उद्दिष्टे आणि व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) जुन्या काँक्रीट इमारतींमधील दोष कोणत्या भूकंपांमुळे व कसे उघडकीस आले ते पाहणे, (२) बळकटीकरणाचे तंत्र उपलब्ध झाल्यानंतरही त्याची अंमलबजावणी लांबण्याची कारणे शोधणे, (३) शालेय इमारतींच्या बाबतीत ही दिरंगाई कोणत्या उपायांनी संपली याचे विवेचन करणे, (४) भारताच्या संदर्भात या अनुभवाचे महत्त्व तपासणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कालखंड मुख्यत्वे १९६८ च्या तोकाचि-ओकी भूकंपापासून २०१५ पर्यंतचा आहे. लाकडी घरांचा प्रश्न जपानमध्ये तितकाच महत्त्वाचा असला तरी तो या निबंधाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

३. पूर्वपीठिका : १९२३ ते १९६८

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांतो भूकंपाने तोक्यो आणि योकोहामा ही शहरे उद्ध्वस्त केली. एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुसंख्य भूकंपानंतर भडकलेल्या आगीत सापडली. विटांच्या पाश्चात्त्य धाटणीच्या इमारतींची मोठी हानी झाली. याउलट अभियंता नाइतो ताचू यांनी आराखडा केलेली व त्याच वर्षी पूर्ण झालेली एका बँकेची इमारत फारशी हानी न होता टिकली. तिच्यात काँक्रीटच्या भक्कम भिंती विचारपूर्वक योजलेल्या होत्या. भूकंपाचे आडवे बल पेलण्यास भिंत किती उपयोगी पडते, याचा हा ठळक दाखला होता.

पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, जपानच्या नगर बांधकाम कायद्याखालील नियमांत इमारतीच्या वजनाच्या एक दशांश इतके आडवे बल गृहीत धरून आराखडा करण्याची अट घालण्यात आली. अशा प्रकारची अट राष्ट्रीय कायद्यात घालणाऱ्या आरंभीच्या देशांत जपानची गणना होते. या अटीमागे सानो तोशिकाता यांनी त्यापूर्वीच मांडलेली भूकंप गुणांकाची कल्पना होती. तोक्योच्या पुनर्बांधणीत ११७ प्राथमिक शाळा काँक्रीटमध्ये बांधण्यात आल्या. भूकंपानंतर शाळा ही केवळ शिक्षणाची जागा न राहता परिसरातील लोकांच्या आसऱ्याची जागा मानली जाऊ लागली. पुढील घडामोडी समजण्यासाठी हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये इमारत मानक कायदा अस्तित्वात आला. भूकंप गुणांक दुपटीने वाढवून ०.२ करण्यात आला. मात्र त्याच वेळी साहित्यासाठीचे अनुज्ञेय ताणही वाढवण्यात आल्यामुळे इमारतींची प्रत्यक्ष ताकद त्या प्रमाणात वाढली नाही. युद्धात जळालेल्या आणि लोकसंख्यावाढीमुळे अपुऱ्या पडणाऱ्या लाकडी शाळांच्या जागी काँक्रीटच्या शाळा बांधण्याचे मोठे काम पुढील दोन दशकांत झाले. या शाळांचा नमुना देशभर बराच सारखा होता. इमारत पूर्व-पश्चिम लांबट, उत्तरेला व्हरांडा, दक्षिणेला उजेडासाठी मोठ्या खिडक्या लावलेले वर्ग आणि दोन वर्गांच्या मधोमध आडवी भिंत अशी ही रचना होती. या रचनेमुळे इमारतीच्या रुंदीच्या दिशेने भिंती पुरेशा मिळत. लांबीच्या दिशेने मात्र केवळ खांब आणि खिडक्यांखालच्या बुटक्या भिंती एवढेच असे. चांगल्या उजेडासाठी केलेली ही योजना भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत दुबळी ठरणार होती.

४. तोकाचि-ओकी भूकंप आणि आखूड खांबांचा धडा

१६ मे १९६८ रोजी सकाळी जपानच्या उत्तर भागात ७.९ परिमाणाचा भूकंप झाला. हाचिनोहे, मिसावा, हाकोदाते इत्यादी शहरांत आधुनिक समजल्या जाणाऱ्या काँक्रीट इमारतींची हानी झाली आणि त्यांत शैक्षणिक इमारतींचे प्रमाण लक्षणीय होते. हाकोदाते येथील एका विद्यापीठ इमारतीचा तळमजला चिरडला गेला. नियमांनुसार बांधलेल्या काँक्रीट इमारतींची अशी अवस्था झाल्यामुळे जपानी अभियंत्यांना मोठा धक्का बसला.

हानीची पाहणी केल्यावर एक समान कारण पुढे आले. खिडकीखालची बुटकी भिंत दोन्ही बाजूंच्या खांबांना घट्ट जोडलेली असल्यामुळे खांबाचा खालचा भाग हलू शकत नव्हता. संपूर्ण खांबाऐवजी केवळ खिडकीच्या उंचीएवढा वरचा भाग वाकण्यास मोकळा राहत होता. खांबाची मोकळी उंची जितकी कमी तितका तो ताठ; आणि जितका ताठ तितके भूकंपाचे अधिक बल तो स्वतःकडे ओढून घेतो. अशा आखूड खांबांना तिरप्या भेगा पडून ते अचानक फुटले. उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्या, ज्यांना बांधकामावर रिंगा म्हणतात, त्या ३० सेंटीमीटरपर्यंत अंतरावर बसवण्याची तेव्हा मुभा होती. इतक्या विरळ रिंगा फुटलेले काँक्रीट धरून ठेवू शकल्या नाहीत. काँक्रीट निखळले, उभ्या सळया वाकल्या आणि वरचा भार खाली आला.

९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हे नुकतेच बांधलेले रुग्णालय निकामी झाले. तेथेही काँक्रीटच्या खांबांतील अपुऱ्या रिंगांचा प्रश्न पुढे आला. हा दोष एका देशापुरता मर्यादित नसून त्या काळच्या काँक्रीट बांधकामशास्त्राचाच होता, असे यावरून स्पष्ट होते. १९७१ मध्ये जपानने नियम सुधारून खांबांच्या टोकांजवळ रिंगांमधील अंतर १० सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावे अशी अट घातली.

५. ‘वैध परंतु अपुरी’ : एक कायदेशीर पेच

१९७१ ची सुधारणा नव्या बांधकामांना लागू झाली. तोपर्यंत उभ्या राहिलेल्या हजारो शाळांतील खांब मात्र जुन्याच पद्धतीचे राहिले. जपानी कायद्यात अशा इमारतींसाठी ‘किझोन फुतेकिकाकु’ अशी संज्ञा आहे. बांधताना कायद्यात बसणारी, परंतु नंतर बदललेल्या कायद्यात न बसणारी विद्यमान इमारत, असा तिचा अर्थ होतो. इमारत मानक कायद्यानुसार अशी इमारत बेकायदेशीर ठरत नाही. मोठी दुरुस्ती वा विस्तार हाती घेईपर्यंत मालकावर ती नव्या नियमांत बसवण्याचे बंधन येत नाही.

यामागील तत्त्व समजण्यासारखे आहे. नियम पाळून घर बांधणाऱ्या नागरिकाला दर दहा वर्षांनी ते पुन्हा बांधावयास लावणे अन्यायाचे ठरेल. परंतु या न्याय्य तत्त्वाचा परिणाम असा झाला की, इमारत सुरक्षित नाही हे शास्त्राला ठाऊक आणि ती वैध आहे हे कायद्याला मान्य, अशी स्थिती दीर्घकाळ टिकली. इमारतीत वावरणाऱ्याला यांपैकी दुसरीच गोष्ट ठाऊक असे. शाळांच्या बाबतीत हा पेच अधिक तीव्र होता, कारण शिक्षण सक्तीचे असल्यामुळे मुलांना त्या इमारतीत जाण्यावाचून पर्याय नव्हता.

६. मोजमापाची सोय : १९७७ चे मानक

जुन्या इमारती बळकट करावयाच्या तर कोणत्या इमारती, कोणत्या क्रमाने आणि किती प्रमाणात, हे ठरवण्याचे साधन हवे. ते साधन १९७७ मध्ये विद्यमान प्रबलित काँक्रीट इमारतींच्या भूकंपरोध तपासणीचे मानक आणि त्यासोबत बळकटीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे या रूपाने जपानमध्ये तयार झाले. एखाद्या देशाने जुन्या काँक्रीट इमारतींसाठी पद्धतशीर मानक करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत याचा समावेश होतो.

या मानकाचा गाभा म्हणजे भूकंपरोध निर्देशांक होय. इमारतीची ताकद आणि न तुटता वाकण्याची तिची क्षमता यांचा गुणाकार करावयाचा आणि इमारतीच्या आकारातील विषमता व वयोमानाने झालेली झीज यांनुसार त्यात घट करावयाची, अशी ही पद्धत आहे. तपासणीच्या तीन पायऱ्या ठेवण्यात आल्या. पहिली पायरी भिंती व खांबांच्या क्षेत्रफळावरून साधा अंदाज देते. पुढील पायऱ्यांत सळया, रिंगा आणि तुळयांपर्यंत बारकाईने गणित केले जाते. दुसऱ्या पायरीच्या तपासणीत निर्देशांक ०.६ किंवा त्याहून अधिक असल्यास इमारत सामान्यतः सुरक्षित मानली जाते. ही मर्यादा प्रत्यक्ष भूकंपांत हानी झालेल्या आणि न झालेल्या इमारतींशी ताडून पाहिलेली आहे. शाळांसाठी शिक्षण मंत्रालयाने पुढे ०.७ ही अधिक कडक मर्यादा स्वीकारली.

प्रशासनाच्या दृष्टीने निर्देशांकाचे महत्त्व फार मोठे होते. ‘ही इमारत धोकादायक वाटते’ या विधानावर वाद घालता येतो; ‘या इमारतीचा निर्देशांक ०.३ आहे’ या विधानावर अंदाजपत्रक करता येते.

१२ जून १९७८ रोजी मियागी परिसरात झालेल्या भूकंपाने सेंदाई शहरातील काँक्रीट इमारतींची पुन्हा हानी केली. परिणामी नव्या इमारतींसाठीचे नियम आमूलाग्र बदलून १ जून १९८१ पासून लागू झाले. मध्यम भूकंपात इमारतीला इजा होऊ नये आणि अतितीव्र भूकंपात इजा झाली तरी ती कोसळून माणसे मरू नयेत, अशी दोन टप्प्यांची कसोटी त्यांत होती. तेव्हापासून जपानमध्ये ‘जुनी इमारत’ याचा व्यवहारातील अर्थ १९८१ पूर्वीच्या नियमांनुसार बांधलेली इमारत असा झाला.

दरम्यान भूकंपशास्त्रज्ञ इशिबाशी कात्सुहिको यांनी १९७६ मध्ये शिझुओका प्रांताजवळ तोकाई भूकंप होण्याची शक्यता वर्तवली होती. १९७८ मध्ये मोठ्या भूकंपांच्या पूर्वतयारीचा विशेष कायदा आणि १९८० मध्ये त्या प्रदेशासाठी आर्थिक साहाय्याचा कायदा झाला. शिझुओकाने शाळा व सार्वजनिक इमारतींची तपासणी आणि बळकटीकरण तेव्हापासून हाती घेतले. अपेक्षित असलेला तोकाई भूकंप आजतागायत झालेला नाही. परंतु ज्या प्रदेशात भूकंपाची भीती नव्हती तेथे तो झाला, आणि तेथे अशी तयारी नव्हती.

७. बळकटीकरणाच्या पद्धती

जुन्या काँक्रीट इमारतीला बळकट करण्याच्या पद्धती ढोबळमानाने चार प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार ताकद वाढवण्याचा. खांब आणि तुळई यांच्या रिकाम्या चौकटीत काँक्रीटची नवी भिंत ओतली जाते किंवा पोलादी चौकटीत तिरपे टेकू बसवून ती चौकट जुन्या बांधकामाला खुंट्यांनी जोडली जाते. वर्गात उजेड येणे आवश्यक असल्यामुळे शाळांत तिरप्या टेकूंची पद्धत विशेष रूढ झाली. जपानी शाळांच्या खिडक्यांवर दिसणारे पोलादी त्रिकोण हे याच कामाचे चिन्ह आहे.

दुसरा प्रकार खांब फुटू न देण्याचा. खांबाभोवती पोलादी पत्र्याचे वेष्टन, सळयांसह काँक्रीटचा नवा थर किंवा कार्बन तंतूंचे कापड चिकटवून गुंडाळले जाते. विरळ रिंगांची उणीव बाहेरून भरून काढणे हा यामागील हेतू होय. तिसरा प्रकार दोष काढून टाकण्याचा. आखूड खांब आणि त्याला चिकटलेली बुटकी भिंत यांच्यामध्ये उभी फट कापली की खांब पूर्ण उंचीवर वाकण्यास मोकळा होतो. काही न जोडता, केवळ जोड तोडून इमारत सुरक्षित करण्याचा हा उपाय १९६८ च्या धड्याचे थेट फलित आहे. वरचे मजले किंवा जड टाक्या काढून वजन कमी करणे हेही याच प्रकारात मोडते.

चौथा प्रकार इमारत जमिनीपासून अलग करण्याचा. पायाशी रबर व पोलादाच्या थरांचे आधार बसवले की जमिनीचा हादरा इमारतीपर्यंत क्षीण होऊन पोहोचतो. तोक्योतील राष्ट्रीय पाश्चात्त्य कला संग्रहालयाची १९५९ ची इमारत १९९८ मध्ये अशा रीतीने सुरक्षित करण्यात आली. जुनी इमारत अशा प्रकारे अलग करण्याचे जपानमधील हे पहिले काम मानले जाते. चंदीगडचा आराखडा करणारे ल कॉर्ब्युझिए हेच या इमारतीचे वास्तुकार होत. ही पद्धत खर्चिक असल्यामुळे सर्वसाधारण शाळांसाठी पहिल्या तीन प्रकारांवरच भर राहिला.

८. कोबे भूकंप आणि १९९५ चा कायदा

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे व परिसरात झालेल्या भूकंपात ६,४३४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. बहुसंख्य मृत्यू जुन्या लाकडी घरांखाली दबून झाले. काँक्रीट इमारतींच्या पाहणीत मात्र एक स्पष्ट उतरंड दिसली. १९७१ पूर्वीच्या इमारतींची हानी सर्वाधिक, १९७१ ते १९८१ या काळातील इमारतींची त्याहून कमी आणि १९८१ नंतरच्या इमारतींची सर्वांत कमी होती. कोबे महापालिकेच्या १९५७ मध्ये बांधलेल्या आठमजली दुसऱ्या इमारतीचा सहावा मजला संपूर्ण चिरडला गेला. पुढे वरचे मजले काढून उरलेली इमारत बळकट करण्यात आली आणि अनेक वर्षे वापरली गेली.

भूकंप पहाटे झाल्यामुळे शाळा रिकाम्या होत्या. तो चार-पाच तासांनी झाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यानंतर जपानी समाजाला सतावत राहिला. ज्या शाळा टिकल्या त्या लक्षावधी बेघरांच्या निवाऱ्याची ठिकाणे ठरल्या.

त्याच वर्षी दोन महत्त्वाचे कायदे झाले. भूकंप आपत्ती प्रतिबंधक विशेष उपाय कायद्याने पंचवार्षिक योजना आणि शाळांच्या बळकटीकरणासाठी वाढीव केंद्रीय अनुदान यांची तरतूद केली. इमारतींच्या भूकंपरोधक बळकटीकरणास चालना देणारा दुसरा कायदा २५ डिसेंबर १९९५ पासून लागू झाला. शाळा, रुग्णालये, सभागृहे अशा मोठ्या इमारतींच्या मालकांनी तपासणी व बळकटीकरणासाठी प्रयत्न करावेत, असे त्याने सांगितले. ही प्रयत्नांची जबाबदारी होती, सक्ती नव्हती. तरीही प्रथमच ‘वैध परंतु अपुरी’ इमारत हा कायद्याच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा विषय झाला.

९. शाळांची मोहीम : २००२ ते २०१५

कायदा झाल्यानंतरही कामाची गती मंद होती. २००२ मध्ये देशातील सार्वजनिक प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या इमारतींपैकी केवळ ४४.५ टक्के इमारती भूकंपरोधक मानता येण्याजोग्या होत्या. तोकाचि-ओकी भूकंपाला ३४ वर्षे, तपासणी मानकाला २५ वर्षे आणि कोबे भूकंपाला ७ वर्षे लोटल्यानंतरची ही स्थिती आहे. तंत्र ठाऊक होते, अभियंते उपलब्ध होते आणि देश श्रीमंत होता. अडचण होती ती शाळेच्या मालकीची. या शाळा नगरपालिका व ग्रामपालिकांच्या होत्या, त्यांचे उत्पन्न मर्यादित होते आणि बळकट केलेली शाळा बाहेरून जुनीच दिसते. नव्या इमारतीचे उद्घाटन करता येते. खांबाभोवती गुंडाळलेल्या पत्र्याचे करता येत नाही.

१२ मे २००८ रोजी दुपारी चीनच्या सिचुआन प्रांतात शाळेच्या वेळेत भूकंप झाला. शाळा कोसळून हजारो विद्यार्थी मरण पावले. मृत व बेपत्ता विद्यार्थ्यांचा चीन सरकारने पुढे जाहीर केलेला आकडा ५,३३५ आहे. त्याच वर्षी जून महिन्यात जपानच्या संसदेने भूकंप आपत्ती प्रतिबंधक विशेष उपाय कायद्यात दुरुस्ती केली. तीत तीन गोष्टी होत्या. निर्देशांक ०.३ पेक्षा कमी असलेल्या शालेय इमारतींच्या बळकटीकरणासाठी केंद्रीय अनुदान खर्चाच्या निम्म्यावरून दोन तृतीयांशावर नेण्यात आले. सार्वजनिक शाळांची तपासणी बंधनकारक झाली. तसेच प्रत्येक इमारतीच्या तपासणीचा निष्कर्ष जाहीर करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. अनुदान आणि इतर वित्तीय सवलती एकत्र धरता स्थानिक संस्थेवरील प्रत्यक्ष भार सुमारे १३ टक्क्यांवर आला.

यांपैकी तिसरी तरतूद विशेष लक्षणीय आहे. ज्या इमारतीत आपले मूल दिवसभर बसते तिचा निर्देशांक पालकांना प्रथमच अधिकृतपणे कळू लागला. निष्कर्ष जाहीर झाल्यावर काम पुढे ढकलणाऱ्या नगरपालिकेला नागरिकांपुढे कारण द्यावे लागे. कामे प्रामुख्याने उन्हाळी सुटीत, टप्प्याटप्प्याने, शाळा चालू ठेवून करण्यात आली. सुरक्षित इमारतींचे प्रमाण २००८ मध्ये ६२.३ टक्के, २०११ मध्ये ८०.३ टक्के आणि २०१५ मध्ये ९५.६ टक्के झाले. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात त्सुनामीने किनाऱ्यावरील अनेक शाळांचा घास घेतला. परंतु भूकंपाच्या हादऱ्यांपुढे बळकट केलेल्या शालेय इमारती सर्वसाधारणपणे टिकून राहिल्या.

१०. यशाच्या मर्यादा

या इतिहासाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठाच्या स्थापत्य व वास्तुशास्त्र विभागांची नऊमजली इमारत १९६९ मधील होती. तिने १९७८ चा भूकंप सोसला आणि २००१ च्या सुमारास तिचे बळकटीकरण झाले. २०११ मध्ये तिची इतकी हानी झाली की ती पाडावी लागली. मात्र ती कोसळली नाही. बळकटीकरणाचा उद्देश इमारत वाचवणे हा नसून तिच्यातील माणसे वाचवणे हा आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. भूकंपाविषयी शिकवणाऱ्यांच्याच इमारतीने हा धडा द्यावा, ही बाब उल्लेखनीय आहे.

एप्रिल २०१६ च्या कुमामोतो भूकंपात उतो नगरपालिकेच्या १९६५ मधील मुख्य इमारतीचा चौथा मजला चिरडला गेला. ही इमारत आधीच्या तपासणीत अपुरी ठरलेली होती; काम मात्र झालेले नव्हते. शाळांना प्राधान्य मिळाले तेथेही आपत्तीच्या वेळी कारभार चालवणाऱ्या कचेऱ्या मागे राहिल्या. जून २०१८ मध्ये ओसाका परिसरातील भूकंपात ताकात्सुकी शहरातील एका शाळेच्या जलतरण तलावाची कुंपणभिंत कोसळून शाळेत निघालेली नऊ वर्षांची मुलगी मरण पावली. १९७८ च्या भूकंपातही अशा कुंपणभिंतींनी अनेक बळी घेतले होते. तपासणीची मोहीम इमारतीवर केंद्रित झाली आणि तिच्या कडेची भिंत नजरेतून सुटली. मोजमापाचे सामर्थ्य मोठे असले तरी जे मोजले जात नाही ते दुर्लक्षित राहते.

११. भारतीय संदर्भ

जपानमधील १९६८ च्या भूकंपापूर्वी पाचच महिने, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, महाराष्ट्रात कोयनेचा भूकंप झाला. कोयना धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा पडल्या. त्या भेगा भरून आणि उंच भागांना मागील बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन धरण बळकट करण्यात आले. जुन्या काँक्रीट बांधकामाचे भूकंपानंतर बळकटीकरण करण्याचा भारतातील हा एक महत्त्वाचा प्रारंभिक अनुभव होय. धरणाचा मालक एकच, म्हणजे शासन, होता आणि धोका सर्वांना दिसत होता. त्यामुळे जबाबदारीविषयी संदिग्धता नव्हती. इमारतींच्या बाबतीत तसे घडले नाही.

जपानी मानक तयार झाले त्याच वर्षी, जानेवारी १९७७ मध्ये, भूकंप अभियांत्रिकीची सहावी जागतिक परिषद नवी दिल्ली येथे भरली होती. तज्ज्ञांच्या पातळीवर भारत या ज्ञानापासून दूर नव्हता. काँक्रीट इमारतींतील सळया व रिंगांच्या भूकंपरोधक मांडणीविषयीचे भारतीय मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही २६ जानेवारी २००१ रोजी भूज भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत, वाहनतळासाठी तळमजला मोकळा ठेवलेल्या अनेक काँक्रीट इमारती कोसळून शेकडो रहिवासी मरण पावले. जुन्या काँक्रीट इमारतींच्या भूकंपविषयक मूल्यमापन व बळकटीकरणाची भारतीय मार्गदर्शक तत्त्वे, आयएस १५९८८, ही २०१३ मध्ये आली. जपानच्या तुलनेत हे अंतर ३६ वर्षांचे आहे.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची कायदेशीर तरतूद २००९ मध्ये करण्यात आली. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु अशा तपासणीचा व्यवहारातील भर सळयांचा गंज, गळती आणि झीज यांवर राहतो. इमारत झिजलेली नसतानाही, केवळ जुन्या नियमानुसार बांधलेली असल्यामुळे भूकंपात अपुरी पडू शकते, हा मुद्दा वेगळा आहे. राज्यातील शाळा व महाविद्यालयांच्या कित्येक काँक्रीट इमारती १९९३ पूर्वीच्या आहेत. त्यांना हा मुद्दा थेट लागू होतो.

१२. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) जुन्या काँक्रीट इमारतींमधील मुख्य दोष १९६८ मध्ये उघड झाले आणि त्यांच्या तपासणीचे तंत्र १९७७ मध्ये उपलब्ध झाले. तरी शालेय इमारतींचे काम बहुतांशी पूर्ण होण्यास २०१५ उजाडले. या विलंबाचे मुख्य कारण ज्ञानाचा अभाव हे नसून जबाबदारीची अनिश्चितता हे होते.

(२) नवे नियम जुन्या इमारतींना लागू न करण्याचे कायदेशीर तत्त्व न्याय्य असले तरी त्यामुळे निर्माण होणाऱ्या धोक्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. ती आपोआप होत नाही.

(३) जपानमध्ये या कामाला वेग आला तो तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे : सर्वांना समजेल असा निर्देशांक, स्थानिक संस्थेला झेपेल असा खर्चाचा वाटा आणि तपासणीच्या निष्कर्षांचे प्रकटीकरण. यांपैकी पहिली गोष्ट एकटीच उपलब्ध असताना तीन दशके फारसे घडले नाही.

(४) प्रत्येक टप्प्यावर निर्णयाला चालना मिळाली ती कोणत्या तरी भूकंपातील बळींमुळे. २००८ मध्ये तर दुसऱ्या देशातील विद्यार्थ्यांच्या मृत्यूमुळे. शिझुओकाचे उदाहरण मात्र पूर्वतयारी बळींवाचूनही करता येते हे दाखवते.

(५) भूकंपाचा इतिहास सामान्यतः भूकंपाच्या दिवसांचा लिहिला जातो. परंतु माणसे वाचतात किंवा मरतात ती दोन भूकंपांच्या मधल्या वर्षांत घेतलेल्या किंवा लांबणीवर टाकलेल्या निर्णयांमुळे. त्या मधल्या वर्षांचा अभ्यास हे इतिहास संशोधनाचे स्वतंत्र व उपयुक्त क्षेत्र ठरू शकते. भारतासारख्या देशात, जेथे ती मधली वर्षे आज चालू आहेत, तेथे या अभ्यासाचे मोल केवळ ऐतिहासिक नाही.